खिडकीतला दिवा

सध्या काय वाचतेयस, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी बिनधास्त सांगते, व्हिक्टोरिया होल्ट. समोरचा 'अच्छा, ते होय!' म्हणतो. त्या 'ते'मध्ये सगळं आलं.

मान्य आहे बॉस, फॉर्म्युला ठरलेला आहे. शिकलेली, फटकळ, खिशाने रिकामी मुलगी. आडबाजूच्या वाड्यात नोकरी. मालक देखणा, घुमा आणि शक्यतो विधुर. पहिली बायको कशी गेली, यावर कुणी धड बोलत नाही. अशा जुन्या पेपरबॅक्सच्या कव्हरवर तर वाड्यापासून पळत सुटलेली बाई आणि मागे अंधारात एकाच खिडकीत दिवा! साचा होल्टबाईंचा नव्हेच. 'जेन एअर' १८४७ची, 'रिबेका' १९३८ची. १९६०च्या 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन'ने तो पुन्हा जोरात चालवला, इतकंच. (होल्ट हे टोपणनाव. खऱ्या एलिनॉर हिबर्ट. जीन प्लेडी आणि फिलिपा कारही त्याच!)

पण मजा कुठेय सांगू? साध्या रोमान्समध्ये प्रश्न एकच, त्याचं तिच्यावर प्रेम आहे का? ते तर आपल्याला दहाव्या पानावरच कळलेलं असतं. इथे प्रश्न असतो, हा माणूस खुनी तर नाही ना? आणि तो पडतो कधी, तर तो तिला आवडायला लागल्यावर. मग मेलिनमधली मार्था ली शिकवणी सांभाळून नोकरांच्या गप्पा ऐकते, बंद खोल्यांत डोकावते. प्रेमात पडलेय म्हणून चौकशी थांबवत नाही. मला हे सॉलिड आवडतं.

माझ्या मावसबहिणीचं सध्या 'बघणं' चालू आहे. मुलगा छान, पॅकेज छान, कॉफीच्या दोन भेटीही छान. फक्त त्याचा आधी एक साखरपुडा मोडलाय. का, ते कुणी सांगत नाही. मावशी म्हणते, 'जुनं कशाला उकरतेस? चांगलं स्थळ हातचं जाईल.' आणि हिला तो खरंच आवडलाय, पंचाईत तीच.

मी तिला काहीच सल्ला दिला नाही. मेलिन दिलं. परवा रात्री साडेबाराला तिचा फोन. 'ताई, निम्मं झालं. शेवट सांगू नकोस. आणि ऐक, रविवारी मी त्याला विचारणारेय. आईला बोलू नकोस.'