विश्लेषण : बायपासनंतर श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम का महत्त्वाचा? पालीसारख्या गावात तो कोण करून घेणार?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा धरणाजवळ पाली गाव येतं. इथल्या माणसाला बायपास किंवा हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया सांगितली गेली, की बहुधा छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुणे गाठावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे खर्चाचा प्रश्न बराच हलका झाला आहे. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं, ते आता ५ लाखांपर्यंत गेलं आहे. पण सुट्टी मिळाल्यावर रुग्णाच्या पिशवीत औषधांसोबत अनेकदा तीन रंगीत बॉलचं एक प्लॅस्टिकचं यंत्र असतं. ‘बॉल वर उचलायचे’ एवढंच त्याबद्दल सांगितलेलं असतं. मग काही दिवसांत ते कपाटावर जातं.

छाती उघडल्यावर श्वासाचं काय होतं?

या शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर तारांनी बांधतात. त्या दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकणं टाळतो. त्यात श्वासाचा मुख्य स्नायू असलेला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, मंदावतो. त्याला चालवणारी नस हृदयाला चिकटूनच खाली जाते. हृदय थंड ठेवण्यासाठी वापरलेल्या बर्फानं किंवा छातीच्या भिंतीतली धमनी सोडवताना ती दुखावू शकते. मग फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाची वाट मोकळी होते. हृदयाचं काम उत्तम झालेला रुग्ण फुप्फुसांमुळे पुन्हा आयसीयूत जातो, तो असा.

बॉलचं यंत्र म्हणजे स्नायूंचा व्यायाम नव्हे

इथे मोठा गैरसमज आहे. तीन बॉलचं यंत्र हवा किती वेगानं ओढली ते दाखवतं. बहुतेक यंत्रांवर ६००, ९०० आणि १२०० मिलिलिटर प्रतिसेकंद असे आकडे असतात. खोल श्वासाची आठवण म्हणून ते ठीक आहे. पण बायपासनंतर त्याच्यामुळे गुंतागुंत कमी होते, असा पुरावा कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात मिळाला नाही.

श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामाचं यंत्र वेगळं. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडतच नाही. दंडासाठी डंबेल, तसं श्वासासाठी हे. रुग्ण जास्तीत जास्त किती जोरानं श्वास ओढू शकतो ते आधी मोजतात, त्याच्या साधारण ३० टक्क्यांपासून सुरुवात करतात आणि ताण हळूहळू वाढवतात.

याबाबतचा सर्वाधिक चर्चेतला अभ्यास नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचा, २००६ सालचा. बायपास ठरलेल्या आणि फुप्फुसांचा धोका जास्त असलेल्या २७९ रुग्णांपैकी निम्म्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे रोज २० मिनिटं हा व्यायाम केला. त्यांच्यात न्यूमोनियाचं प्रमाण ६.५ टक्के राहिलं, इतरांमध्ये १६.१ टक्के. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही (१२ चाचण्या, ६९५ रुग्ण) कल हाच दिसला, मात्र पुराव्याचा दर्जा फार भक्कम नसल्याचं त्यात नोंदवलं आहे. शस्त्रक्रियेनंतर सुरू केलेल्या व्यायामावरच्या चाचण्या बहुतांशी लहान आहेत. स्नायूंची ताकद आणि चालण्याची क्षमता वाढल्याचं त्यांत दिसतं. जीव वाचतो असं म्हणण्याइतका आधार नाही.

म्हणजे सर्वात उपयोगी काळ आधीचा आहे. योजनेतल्या रुग्णाचे तपासण्या, मंजुरी आणि तारीख मिळेपर्यंतचे दिवस आज निव्वळ काळजीत जातात. वास्तविक हेच ते दोन आठवडे. अर्थात छातीत वारंवार दुखणाऱ्या किंवा झडप फारच अरुंद झालेल्या रुग्णानं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जोराचा व्यायाम करू नये.

घरी परतल्यावर

आयुष्मान भारत योजनेत सुट्टीनंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंत धरला जातो. हाड जुळायला मात्र साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. व्यायामाचा ताण दर आठवड्याला तपासून वाढवायचा, तर फिजिओथेरपिस्ट हवा; त्यासाठी प्रत्येक वेळी १३० किलोमीटरवरच्या संभाजीनगरला जाणं परवडत नाही. पहिली भेट समोरासमोर, पुढच्या व्हिडिओ कॉलवर, हा मार्ग अशक्य नाही. पण त्या कॉलचे पैसे कुणी द्यायचे, हे आधी ठरवावं लागेल.

बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. वातज्वरानं झडप खराब झालेले रुग्ण अनेकदा तरुण, कष्टकरी असतात. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, उचल आधीच घेतलेली असते. डोक्यावर उसाची मोळी घेणं म्हणजे न जुळलेल्या हाडावर थेट ताण. ‘जड उचलू नका’ ही सूचना अशा घरात पुरत नाही. किती किलो आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे डिस्चार्ज कार्डवर मराठीत लिहून द्यायला हवं.

तोवर यंत्राशिवायही बरंच करता येतं. उशी छातीशी घट्ट धरून खोकणं, जागेपणी तासातासाला दहा सावकाश खोल श्वास, आणि रोज थोडं वाढवत चालणं. ताप आला, जखमेतून पाणी आलं, हाडात ‘कट्कट्’ जाणवली किंवा दम वाढला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.