राडारोड्याचा दर ‘गाडीमागे’ विचारू नका!



दुकानाच्या रिनोव्हेशनचं बजेट कसं काढायचं, या व्हिडिओखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: “सर, राडारोडा उचलायला किती खर्च धरायचा?” व्हिडिओत एका वाक्यात उत्तर देता येत नव्हतं, म्हणून हा लेख.

माझं स्वतःचं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान आहे. त्यामुळे रोज असे लोक भेटतात ज्यांनी नव्या फरशीसाठी चार दुकानं फिरून दर काढलेले असतात, पण जुनी फरशी कुठे जाणार याचा दर एकालाही विचारलेला नसतो. कोटेशनमध्ये शेवटी एक ओळ असते, “डेब्रिज एक्स्ट्रा”. हा ‘एक्स्ट्रा’ शब्द मला अजिबात आवडत नाही. काम संपता संपता, हातातले पैसे संपलेले असताना, नेमकं तेव्हाच हे बिल समोर येतं.

माझं मत सरळ सांगतो. “गाडीमागे किती?” हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: “किती टन आहे, कुठे टाकणार, आणि पावती देणार का?”

आधी वजन काढा, पाच मिनिटांचं काम आहे

लोक राडारोडा डोळ्याने मोजतात. “दोन टेम्पो होईल” असं म्हणतात आणि मग आठ होतात. कारण गाडी जागेने नाही, वजनाने भरते.

एक सोपा आकडा लक्षात ठेवा. वीट, प्लास्टर, फरशी, मसाला अशा पक्क्या बांधकामाचा एक घनफूट म्हणजे साधारण ५५ किलो.

आता समजा १० बाय ३० चं दुकान आहे. मधली एक भिंत पाडायची आहे, १० फूट लांब आणि १० फूट उंच. साडेचार इंची वीटकाम आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून जाडी साडेपाच इंच. म्हणजे साधारण ४६ घनफूट. वजन अडीच टन! एक साधी पार्टिशनची भिंत, बरं का.

आता फरशी. ३०० चौरस फूट, फरशी आणि खालचा मसाला मिळून अडीच इंच. म्हणजे ६२ घनफुटांच्या आसपास, वजन जवळपास साडेतीन टन. दोन्ही मिळून झाले सहा टन.

शिवाय फोडल्यावर माल फुगतो. १०८ घनफुटांचं पक्कं काम सुटं झालं की दीडपट जागा खातं, म्हणजे १६० घनफुटांच्या थोडं वर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे बांधकामवाल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणजे आपला माल दीड ब्रासहून थोडा जास्त.

छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास माल नेतो. सहा टनांना आठ खेपा. एक ब्रासची ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर दोन खेपा. आणि गोणीत भरायचं म्हटलं, ४० किलोची गोणी धरली, तर १५० गोण्या. दुकान पहिल्या मजल्यावर असेल तर कोणीतरी माणूस १५० वेळा तो जिना उतरणार आहे. त्याची मजुरी ‘एक्स्ट्रा’ कशी असेल? खरं काम तर तेच आहे.

दर कशाकशाने बदलतो?

पहिलं, वजन. ते वर पाहिलं. त्यात पावसाळ्यात उघड्यावर पडलेला माल पाणी पितो आणि आणखी जड होतो. जून ते सप्टेंबर काम असेल तर ताडपत्री टाका, तिचा खर्च वसूल होतो.

दुसरं, भरणी. तळमजला आहे की वरचा, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते. जुन्या पेठांमध्ये ट्रॉली आत वळतच नाही, आणि बऱ्याच रस्त्यांवर दिवसा जड वाहनांना बंदी असते. मग रात्रीची पाळी, रात्रीचा दर.

तिसरं, अंतर. पुण्याचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला, ठाण्याचा डायघरला. शनिवार पेठेतून वाघोली म्हणजे एका बाजूने साधारण १५ किलोमीटर. डिझेल आणि ट्रॅफिकमध्ये गेलेला वेळ, दोन्ही दरात येणारच.

चौथं, माल किती स्वच्छ आहे. नुसत्या विटा-काँक्रीटचा राडारोडा भरावासाठी कामाचा असतो, कोणीतरी घेणारा मिळतो. त्यात पीओपी, प्लायवूड, वायरी आणि प्लास्टिक मिसळलं की तो कोणालाच नको असतो. म्हणून तोडफोड करतानाच वेगळं करायला सांगा. लोखंड, ॲल्युमिनियम आणि जुनं शटर भंगारवाल्याकडे गेलं तर उलट चार पैसे हातात येतात. अख्ख्या निघालेल्या विटांनाही गिऱ्हाईक असतं.

पाचवं, माल खाली करण्याची फी. आणि खरी गोम इथेच आहे, त्याबद्दल पुढे बोलू.

अमेरिकेतल्या बिलाकडून काय शिकायचं?

तिकडे या कामासाठी ‘डंपस्टर’ भाड्याने मिळतो. म्हणजे मोठी लोखंडी पेटी. ती दारात आणून ठेवतात, आपण भरायची, ठरलेल्या दिवशी ट्रक येऊन घेऊन जातो. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरात जॉर्ज डेम्प्स्टर नावाचे एक व्यावसायिक होते, त्यांच्या आडनावावरूनच हा शब्द आला.

२० घनयार्डांच्या पेटीचं भाडं तिकडे साधारण तीनशे ते सहाशे डॉलर असतं. पण मला त्या रकमेपेक्षा त्या बिलाची मांडणी शिकण्यासारखी वाटते. पेटीचा आकार, किती दिवसांचं भाडं, त्यात किती टन वजन धरलंय, त्यापुढे प्रत्येक टनाला किती जादा, आणि रस्त्यावर ठेवायची तर परवान्याचे पैसे. हे सगळं आधी लिहिलेलं असतं. कचरा-डेपोवर टनामागे द्यावी लागणारी फीसुद्धा त्या दरात धरलेली असते.

गंमत बघा. २० घनयार्ड म्हणजे ५४० घनफूट, आपले साडेपाच ब्रास. पण ती पेटी विटा-काँक्रीटने काठोकाठ भरली तर वजन २० टनांच्या घरात जाईल. म्हणून जड मालाला छोटी, १० यार्डांची पेटीच देतात, तीही बऱ्याचदा अर्धीच भरायला सांगतात. त्यांनाही शेवटी वजनावरच यावं लागलं.

आपल्या बाजारपेठेत अशी पेटी आठ दिवस ठेवायला जागा कुठून आणणार? ते जमणार नाही, आणि गरजही नाही. ट्रॉली आणि हमाल हीच आपली पद्धत ठीक आहे. फक्त बिल तसं लिहून घ्या.

सगळ्यात स्वस्त कोटेशन स्वस्त का असतं?

फक्त हिशोबासाठी आकडे धरतो, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

एक जण म्हणाला, “छोटा हत्ती, खेपेला १,२०० रुपये, दोन खेपांत उरकतो.” तुम्ही खूश, २,४००! पण प्रत्यक्षात आठ खेपा झाल्या की ९,६०० रुपये. भरणीचे १५० गोण्यांचे २० रुपयांप्रमाणे ३,००० वेगळे. एकूण १२,६००.

दुसरा म्हणाला, “ट्रॉली ३,५००, दोन खेपा, भरणी ३,०००, प्रकल्पाची फी टनाला २०० धरून १,२००, पावती मिळेल.” एकूण ११,२००.

पहिल्या दिवशी दुसरा माणूस महाग वाटतो, आणि शेवटी तोच स्वस्त पडतो.

आता पहिल्याने आठ खेपा मोजल्याच नाहीत, “सगळं मिळून ५,००० द्या” म्हणाला, तर? मग स्वतःला विचारा, याला परवडतं कसं? एकच उत्तर आहे. तो वाघोलीला जात नाही, आणि फीही भरत नाही. अंधारात नदीपात्रात, नाल्याच्या काठाला किंवा हायवेच्या कडेला ट्रॉली पलटी होते. तुमचे वाचलेले पैसे पावसाळ्यात त्या नाल्याकाठी राहणारा माणूस भरतो, घरात पाणी घेऊन. मुळा-मुठेच्या काठाने एकदा चक्कर मारा, कुणाच्या तरी बाथरूमच्या फरश्या तिथे पडलेल्या दिसतील.

आणि कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारचे २०१६ चे बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम स्पष्ट होते: ज्याच्या कामातून कचरा निघाला त्याची जबाबदारी. गोळा करणं, रस्ता किंवा गटार अडू न देणं, लागू असलेलं शुल्क भरणं. २०२५ मध्ये सुधारित नियम अधिसूचित झाले, त्यातला उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचा भाग मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. म्हणून लहान दुकानदाराने राडारोडा कुठेही फेकावा असा त्याचा अर्थ होत नाही. टेम्पोवाला निघून जातो, मालाच्या गोणीवर नाव मात्र तुमच्या दुकानाचं असतं.

“पण सर, छोट्या माणसाने एवढं कुठे करायचं?”

हा प्रश्न बरोबर आहे, मी तो उडवून लावणार नाही. ज्याच्याकडे दहा गोण्या राडारोडा आहे त्याने १५ किलोमीटर जायचं, हे व्यवहारात बसत नाही. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, फोनवर गाडी मागवता येते. माझं म्हणणं आहे की प्रत्येक शहरात वॉर्डनिहाय एक जागा हवी, जिथे थोडा राडारोडा ठरलेल्या दरात टाकता येईल. दंड लावायचा तर आधी सोय द्या. व्यापारी संघटनांनी फक्त पार्किंगसाठी नाही, यासाठीही निवेदन द्यायला हवं.

पण ती सोय होईपर्यंत नदी आपली वाट बघत थांबणार नाही. शेजारच्या दोन-तीन दुकानांचं काम एकाच महिन्यात असेल तर ट्रॉली मिळून करा. दसरा-दिवाळीच्या आधी सगळेच रिनोव्हेशन काढतात, तेव्हा गाड्यांचे दर चढतात. शक्य असेल तर गणपतीच्या आधी तोडफोड उरका.

आणि आपल्यात टेम्पोचा धंदा करणारेही बरेच आहेत. त्यांना सांगतो, तुम्हीच टनावर दर द्या, प्रकल्पाची पावती व्हॉट्सॲपवर पाठवा. ‘पावती देणारा’ अशी ओळख झाली की सोसायट्या आणि इंटेरिअरवाले स्वतःहून फोन करतील. दर पाडून गिऱ्हाईक मिळवण्यापेक्षा हे बरं.

कोटेशनमध्ये या सहा ओळी लिहून घ्या

१. अंदाजे वजन किती टन
२. कोणती गाडी, किती खेपा, खेप वाढली तर दर काय
३. भरणी आणि मजला धरला आहे की वेगळा
४. माल कुठे खाली होणार
५. तिथली फी कोण भरणार, पावती कोणाच्या नावावर
६. किती दिवसांत उचलणार

“डेब्रिज एक्स्ट्रा” दिसलं की पेन काढायचं, खोडायचं आणि या सहा ओळी लिहायला लावायच्या. जो कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल, त्याचा बाकीचा हिशोबही नीट तपासा.

तुमच्या गावात ट्रॉलीचा आणि हमालीचा दर काय चाललाय, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. दुसऱ्या दुकानदाराला त्याचा उपयोग होईल. भेटूया पुढच्या व्हिडिओत!