‘गणित सोडून द्या’ म्हणणाऱ्यांना

गेल्या जूनमध्ये आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. ताई नववीपर्यंत शिकलेल्या, चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. मुलगी सहावीत असताना दिवाळीनंतर शाळेत जाईनाशी झाली. वर्गातल्या एका बाईंनी ‘तुमचं काय, तुम्हाला सगळं फुकट’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले की पोरांनी तिचे नावच ‘फुकट’ पाडले. सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की पोरीच्या पोटात दुखायचे. शाळेचे नाव आम्ही इथे घेत नाही, तक्रार चालू आहे. शेवटी आईने ठरवले, हिला घरीच शिकवायचे.

ताई म्हणाल्या, “दादा, मराठी, इतिहास, भूगोल मी वाचून घेते तिच्याकडून. पण गणित, विज्ञान आन् इंग्रजी मलाच येत नाही. कुठला कोर्स घेऊ तेवढं सांगा.”

आमच्याकडे येण्याआधी त्यांना तीन ठिकाणांहून तीन सल्ले मिळाले होते. एका समुपदेशकाने सांगितले, मुक्त विद्यालयातून दहावी करा, तिथे गणित सोडता येते. एका ॲपवाल्याने घरी येऊन टॅबलेट दाखवला आणि हप्त्याचे कागद पुढे केले. आणि ताई ज्यांच्याकडे पोळ्या करतात त्या घरातल्या मॅडम स्वतःच्या मुलाला हौसेने घरी शिकवतात. त्यांनी मायेने एक पुस्तकांचा संच दिला, त्यात वैदिक गणिताचे पुस्तक होते.

मित्रांनो, या तिन्ही सल्ल्यांवर आमचे भांडण आहे. पण त्याआधी आपल्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप घेऊ. ते म्हणाले, बाबासाहेबांनी शाळा-कॉलेजे काढली आणि तुम्ही मुलीला घरी बसवायला मदत करता? बरोबर आहे. मुलांना घरी शिकवणे हा आपला कार्यक्रम नाही आणि होऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. त्याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. लढाई तिथेच आहे आणि ती आम्ही लढतो आहोत. पण तक्रारीची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत मुलीची सातवी थांबत नाही. मोर्चाला घोषणा द्यायला आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी तिला अपूर्णांक शिकवायला आले, हे आम्ही मोजले आहे. आकडा सांगत नाही.

आता पहिला सल्ला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीत पाच विषय निवडायचे असतात आणि त्यात गणित नसले तरी चालते, हे खरे आहे. गवंडीकाम करत, बाळंतपणातून सावरत शिकणाऱ्या हजारो लोकांना या मंडळाने दहावी पास केले आहे. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण बारा वर्षांच्या, डोके चालणाऱ्या मुलीला आजच ‘गणित सोड’ सांगणे म्हणजे काय, ते समजून घ्या. आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचे तर दहावीला गणित-विज्ञान लागते. अकरावी सायन्स तर बोलायलाच नको. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. एमपीएससीच्या सीसॅटला बसाल तर दहावीच्या पातळीचे गणित तिथे वाट बघत बसलेले आहे. तुम्ही विषय सोडलात तरी विषय तुम्हाला सोडत नाही. तो फक्त दाराशी जाऊन उभा राहतो, पहारेकऱ्यासारखा.

हा सल्ला एकट्या समुपदेशकाचा असता तर आम्ही लिहिलेही नसते. २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्यातून काय पुढे आले ते आठवा: दहावीला गणित-विज्ञानात १०० पैकी २० गुण मिळाले तरी पुढे जा, मात्र ते विषय पुढे घेता येणार नाहीत. याला दया म्हणतात! शिकवणी लावू शकणाऱ्याचे पोर ३५ च्या पुढे जाणार, आणि ज्याच्या वर्गात वर्षभर गणिताचा शिक्षकच नाही त्याचे पोर २० गुणांवर, नम्रपणे, कायमचे बाहेर. बाबासाहेबांना एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत हवे होते. ते शिकू दिले नाही म्हणून त्यांना पर्शियन घ्यावे लागले. कोणता विषय कोणी शिकायचा हे आपल्यासाठी दुसऱ्याने ठरवण्याची रीत जुनी आहे. आता ती ‘तुमच्या सोयीसाठी’ म्हणून येते, एवढाच फरक.

ॲपचे थोडक्यात. त्यातले व्हिडिओ वाईट नव्हते, आम्ही बसून पाहिले. पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली, चार घरच्या पोळ्यांच्या पगारातून वर्षानुवर्षे हप्ता जाणार होता आणि मधेच सोडायचे तर काय, याचे उत्तर विक्रेत्याकडे नव्हते. दुसरी अधिक महत्त्वाची. “आई, तुम्हाला काही करायचंच नाही, सगळं हे शिकवेल,” हे तो चार वेळा म्हणाला. म्हणजे आईने टेबलावरून उठून जायचे. मुलगी अडली तर ती स्क्रीनकडे बघणार, आई मुलीच्या तोंडाकडे बघणार, आणि दोघींपैकी कुणालाच कळणार नाही की अडले नेमके कुठे.

वैदिक गणितावर जरा थांबू, कारण हे पुस्तक आपल्याही घराघरांत शिरले आहे. भारती कृष्णतीर्थांचे हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९६५ मध्ये छापले गेले. त्यातली सूत्रे अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत, हे त्या पुस्तकाच्या संपादकांनीच प्रस्तावनेत मान्य केले आहे. श्रीकृष्ण दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनीही यावर सविस्तर लिहिले आहे. पण वेदांचे जाऊ द्या. आमचा मुख्य आक्षेप शिकवण्यावर आहे. ९७ गुणिले ९६ करायचे. शंभराला किती कमी? ३ आणि ४. मग ९७ मधून ४ वजा केले की ९३, आणि ३ गुणिले ४ बारा. उत्तर ९३१२. पोरगी खूश, आई थक्क. पण हे असे का होते? (१०० − ३) गुणिले (१०० − ४) मांडा: दहा हजारातून सातशे गेले, बारा मिळाले. झाले! यात मंत्र नाही, सातवी-आठवीची बीजराशी आहे. युक्ती आधी देऊन कारण लपवणारे पुस्तक मुलीला टाळ्या मिळवून देईल, पण तिला प्रश्न विचारायची सवय लावणार नाही. ज्ञान हे कुणा अधिकारी पुरुषाच्या मुखातून उतरते आणि आपण ते पाठ करायचे, ही सवय आपल्या समाजाला नव्याने लावण्याची गरज नाही.

आता ताईंच्या त्या वाक्याकडे येऊ: ‘मलाच येत नाही.’ समाजशास्त्र शिकताना आम्ही सांस्कृतिक भांडवल हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ या वाक्याने शिकवला. त्या मॅडमनाही सातवीचे विज्ञान सगळे आठवत नव्हते, हे ताईंनीच सांगितले. पण त्या म्हणतात, ‘बघून घेऊ.’ ताई म्हणतात, ‘माझी लायकी नाही.’ विसरलेपण दोघींचे सारखेच आहे. एकीच्या मागे चार पिढ्यांची शाळा आहे आणि दुसरीच्या मागे शाळेच्या दाराबाहेर बसलेल्या पिढ्या.

या ठिकाणी आपले वक्ते हमखास रामजी सुभेदारांचे उदाहरण देतात: परळच्या चाळीत एका खोलीत पहाटे भीमाला उठवणारा बाप, हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेणारा बाप. ऐकताना डोळे भरून येतात. पण अर्धीच गोष्ट सांगतात. रामजीबाबांना ते शिकवता का आले? लष्कराने त्यांना शिकवले होते, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले होते आणि लष्करी शाळेत ते शिक्षक होते. घरातला गुरू आधी एका सार्वजनिक संस्थेने घडवला होता. सावित्रीमाईंना जोतीरावांनी घरी शिकवले, पण जोतीराव स्वतः शाळेत शिकलेले होते. तेव्हा ‘बापाची जिद्द असेल तर सगळे होते’ असे ताईंसारखीला ऐकवू नका. जिद्द आहेच तिच्याकडे. तिला कुणी शिकवले का, हा प्रश्न आहे.

उलट टोकाचे कौतुकही आम्हाला नको. ‘आपल्या गवंड्याला भूमिती येते, आपल्या बायांना हिशेब येतो’ असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. येतेच. पण परीक्षेत सिद्धता लिहावी लागते आणि ती लिहायला कुणीतरी शिकवावे लागते.

मग आम्ही काय निवडले? गणिताला बालभारतीचे सातवीचे पुस्तक, साधे, सरकारी. नेटवर फुकट मिळते. कारणे ठोक आहेत. भाषा घरातली आहे. मागे उत्तरसूची आहे, त्यामुळे न येणाऱ्या माणसालाही उत्तर तपासता येते. आणि सर्वांत मोठे कारण: मुलीला परत शाळेत जायचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळते. उद्या ती दुसऱ्या शाळेत आठवीत बसेल तेव्हा तिच्या हातात वर्गातल्या इतर मुलांचेच पुस्तक हवे. अगदीच काही जमले नाही तर १७ नंबरचा फॉर्म आहे, तिथेही हाच अभ्यासक्रम लागतो.

पुस्तक ताईंच्या हातात दिले आणि अट घातली: आधी तुम्ही सोडवायचे, एक दिवस पुढे राहायचे. पहिल्याच आठवड्यात त्या अडल्या. ऋण गुणिले ऋण धन का? “दोन वेळा वाईट केलं तर चांगलं होतं का, दादा?” आमच्यातल्या इंजिनिअर पोराने सांगितले, नियम आहे, पाठ करा. ताई गप्प बसल्या, पण पटले नव्हते. मग कागदावर खाली खाली लिहिले: (−३) × २ = −६, (−३) × १ = −३, (−३) × ० = ०. प्रत्येक पायरीला उत्तर ३ ने वाढते आहे. पुढची पायरी (−३) × (−१). ताईंनीच सांगितले, ३. त्या दिवशी शिकलो ते आम्ही. इंजिनिअरलाही कारण माहीत नव्हते, फक्त त्याला कुणी ‘लायकी नाही’ म्हटले नव्हते.

विज्ञानाला पाठ्यपुस्तकातल्या ‘करून पहा’च्या चौकटी आधी आणि उतारा नंतर, असा क्रम ठेवला. जोडीला अरविंद गुप्तांची पुस्तके, काडेपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्हची नळी. मध्य प्रदेशात १९७२ पासून होशंगाबादच्या सरकारी शाळांत प्रयोगशाळेविना विज्ञान शिकवले गेले, त्या कामातून गुप्तांची ही वाट निघाली आहे. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. का बंद करतात असल्या गोष्टी, यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

इंग्रजीत आम्ही चुकलो, तेही सांगतो. हौसेने इंग्रजी माध्यमाचे जाड पुस्तक आणले. दीड महिना गेला, पोरगी आणि आई दोघी हिरमुसल्या. मग तर्खडकर आणले, कुत्सित हसणाऱ्यांनी हसावे. मराठी वाक्य समोर असते, त्यामुळे आईला कळते आपण काय म्हणतो आहोत. उच्चारासाठी रोज संध्याकाळी बीए करणारी एक मुलगी अर्धा तास येते.

अभ्यासक्रम निवडणे हा किरकोळ घरगुती प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांनी महात्मा फुल्यांचे १८८२ चे हंटर आयोगापुढचे निवेदन काढून वाचावे. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागून ते थांबले नाहीत. मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य, नीती, असे काय शिकवायचे तेही त्यांनी नेमके सांगितले. आपल्या किती संघटनांच्या ठरावांत आज असा एक परिच्छेद असतो? पुतळा, कमान, डीजे यांवर तीन तास बैठक चालते. सातवीच्या गणिताला तीन मिनिटे मिळत नाहीत.

ताई आता नवव्या प्रकरणावर आहेत. मुलीच्या पुढे एकच दिवस. वस्तीतल्या आणखी चार आया येऊ लागल्या आहेत, त्यांची मुले शाळेतच जातात, पण ‘मलाच येत नाही’ हे वाक्य त्यांच्याही तोंडी आहे. आम्हाला माणसे कमी पडतात. दर रविवारी सकाळी १० ते १२, विहारात. गणित किंवा विज्ञान घेऊन पदवीधर झालेल्यांनी यावे, भाषण न आणता. येताना सातवीचे गणिताचे पुस्तक वाचून यावे आणि ‘नियम आहे, पाठ करा’ हे वाक्य घरी ठेवून यावे. ताई विचारतात.

जय भीम.