पत्रिकेबरोबर रक्तही पाहावे

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या आधाराने शहरापर्यंत आणणारी ही योजना इ. स. १६१५ मधली. बोगदा कोठे तुंबला, की पुढच्या कुंड्या कोरड्या पडणार हे उघडच आहे. आपल्या देहातही असेच वाटप अहोरात्र चालते. तेथे पाण्याच्या जागी प्राणवायू असतो, आणि तो वाहून नेतात रक्तातील तांबड्या पेशी.

या पेशीची घडण तिच्या कामास साजेशी आहे. दोन्ही बाजूंनी खोलगट अशी ही तबकडी मिलिमीटरच्या सुमारे सव्वाशेव्या हिश्श्याएवढी रुंद असते. तिच्यात केंद्रक नसते. ती जागाही प्राणवायू धरणाऱ्या हिमोग्लोबिनला मिळते. स्वतःहून अरुंद केशवाहिनीतून ती अंग दुमडून पार होते आणि सुमारे १२० दिवस ही सेवा बजावते.

सिकलसेल या आनुवंशिक विकारात हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच घटक बदललेला असतो. प्राणवायू सुटताच अशा हिमोग्लोबिनचे ताठ तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि केशवाहिनीत अडकते. मग हाडांत व सांध्यांत असह्य कळा येतात. पेशी १०-२० दिवसांतच फुटत असल्याने पंडुरोगही जडतो.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा, कोरकू यांच्यात हा विकार आढळतो, तसाच विदर्भातील अनेक बिगरआदिवासी समाजांतही. तेव्हा ‘हा त्यांचा रोग’ म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणीस बोटातील थेंबभर रक्त पुरते. दोष दिसल्यास पुढील चाचणीने खात्री करून घेतात.

एकाच पालकाकडून हा गुण आलेला मनुष्य केवळ वाहक असतो व बहुधा निरोगीच राहतो. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक गरोदरपणी अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. यात आईबापांचा वाटा समसमान. एकट्या सुनेकडे बोट दाखवणे हा निव्वळ अन्याय होय.

वाहक असणे हा कलंक नव्हे, लपविणे मात्र घातक. म्हणून आमची विनंती एवढीच, की पत्रिकेचे गुण जुळवताना वधूवरांनी हा रक्ताचा गुणही तपासून घ्यावा आणि दोघेही वाहक निघाल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पुढचे पाऊल टाकावे.