सभागृहातील ग्वाही आणि कलमातील ‘तत्सम’

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधानपरिषदेत संमत झाले. ते मांडताना मुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात केलेले प्रतिपादन तपासले, तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत असे दिसते. पहिली गोष्ट म्हणजे माओवादी हिंसेला शहरांतून बळ पुरवणाऱ्या संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार शासनाला हवा, हे धोरण. आणि दुसरी म्हणजे हा अधिकार राजकीय विरोधक, कार्यकर्ते किंवा आंदोलक यांच्यावर चालवला जाणार नाही, ही ग्वाही. यांपैकी धोरण कलमांत उतरले, ग्वाही मात्र कामकाजाच्या वृत्तांतात राहिली. प्रस्तुत खंडन या दुसऱ्या गोष्टीचे आहे. गडचिरोलीपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सिंधुदुर्गातील कुडाळातून ते करण्याचे प्रयोजन असे की, ज्या प्रदेशात माओवादी चळवळ नाही, तिथेच या कायद्याच्या शब्दांची खरी व्याप्ती उघडी पडते.

पूर्वपक्ष, म्हणजे खंडन करावयाचे मत, आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे हा वादाचा जुना दंडक आहे. नक्षलवादी हिंसा काल्पनिक नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मारले गेले. छत्तीसगड, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांनी असा कायदा केला आहे, महाराष्ट्राने केला नव्हता, आणि माओवाद्यांना बळ पुरवणाऱ्या संघटनांची संख्या राज्यात ६४ असल्याचे शासनाचे म्हणणे आहे. शिवाय विधेयक घाईने रेटले गेले असेही म्हणता येत नाही, कारण ते संयुक्त समितीकडे गेले, समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, त्यानंतर ‘व्यक्ती आणि संघटना’ हा मूळचा रोख बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असा करण्यात आला, आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला. समितीत विरोधी पक्षांचेही सदस्य होते, आणि विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांच्याखेरीज ठाम विरोध फारसा कोणी नोंदवला नाही, हेही या पूर्वपक्षाच्या बाजूनेच मोजावे लागते.

एवढे मान्य करूनही प्रश्न उरतो तो ‘तत्सम’ या शब्दाचा. व्याकरणात तत्सम शब्दाची सीमा निश्चित असते, कारण संस्कृतातून जो जसाच्या तसा आला तोच तत्सम. या विधेयकात मात्र कोणती संघटना कोणासारखी आहे हे ठरवणारा शासनच आहे. समितीने केलेले बदल प्रामुख्याने उद्देशवाक्य, सल्लागार मंडळाची रचना आणि तपासाधिकाऱ्याचा दर्जा यांत झाले. ‘बेकायदा कृत्य’ या संज्ञेची व्याख्या, जिच्यावर सारे दंड उभे आहेत, ती विस्तीर्णच राहिली. हिंसा आणि स्फोटके यांच्या जोडीला तीत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणे किंवा अडथळा येईल असा कल असणे, कायद्याच्या व त्याने स्थापन केलेल्या संस्थांच्या अवज्ञेला उत्तेजन देणे किंवा तिचा प्रचार करणे, आणि रेल्वे, रस्ता, हवाई वा जलमार्गाने होणारे दळणवळण विस्कळीत करणे यांचाही समावेश आहे. असे कृत्य करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बेकायदा ठरलेल्या संघटनेचा सदस्य नसूनही तिला साह्य करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत.

ही व्याख्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर लावून पाहावी. कुडाळशेजारच्या वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली जो सत्याग्रह झाला, त्याचा गाभाच अवज्ञेचा जाहीर प्रचार हा होता, आणि आज त्याचा अभिमान शासकीय व्यासपीठांवरूनही सांगितला जातो. मालवणचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे सामुदायिक रीतीने चालवणारे मच्छीमार, पर्ससीन नौकांविरुद्ध आणि प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीविरुद्ध अनेकदा समुद्रात आणि रस्त्यावर उतरले आहेत. वर्ध्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत मूळ आखणीनुसार ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला ज्यांच्या बागायती त्यात जाणार, त्यांनी विरोध केला आहे. यांपैकी कोणीही माओवादी नाही आणि आजचे शासन त्यांना तसे ठरवील असा आरोपही येथे करावयाचा नाही. मुद्दा एवढाच की त्यांना व्याख्येबाहेर ठेवणारी गोष्ट कलमात नाही. ती केवळ बोलणाऱ्याच्या सद्भावात आहे, आणि मंत्र्यांच्या भाषणाचा आधार न्यायालये घेतात तोही साधारणपणे कायद्याचे शब्द संदिग्ध असतील तेव्हा, अर्थ लावण्याचे एक साधन म्हणूनच.

सद्भावावर विसंबून अधिकार दिल्यास काय होते, याचा अनुभव कुडाळच्या मतदारांना फार दूरचा नाही. अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे ‘मिसा’, १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांचे संकट दाराशी असताना झाला. चार वर्षांनी आणीबाणीत त्याच कायद्याखाली, खटल्यावाचून, बेंगळुरूच्या कारागृहात डांबले गेलेल्या खासदारांत अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी यांच्याबरोबर मधु दंडवते होते, म्हणजे ज्या राजापूर मतदारसंघात कुडाळ येत असे त्याचेच निर्वाचित प्रतिनिधी. कायदा करणारे आणि तो वापरणारे तेव्हा एकाच पक्षाचे होते. या वेळी ते वेगळे असण्याची शक्यता अधिक, कारण सरकारे बदलतात आणि कायदे राहतात. आजच्या सत्ताधाऱ्यांचे वैचारिक पूर्वसूरी त्या कोठड्यांत बसले होते, ही गोष्ट सभागृहात कोणी ठासून मांडायला हवी होती.

दुसरा बचाव सल्लागार मंडळाचा. संघटना बेकायदा ठरवण्याची अधिसूचना या मंडळापुढे ठेवावी लागते. समितीच्या बदलानंतर त्याचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी वा माजी न्यायाधीशाकडे आले, आणि ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण सल्लागार मंडळ म्हणजे न्यायालय नव्हे. मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालीच हा भेद स्पष्ट केला. १९०८ च्या ब्रिटिश कायद्यात मद्रास सरकारने दुरुस्ती करून संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार घेतला होता आणि न्यायिक चौकशीऐवजी सल्लागार मंडळ ठेवले होते. संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कावरील ते वाजवी बंधन नाही, असे सांगून न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. केंद्राच्या १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातही बंदीची पुष्टी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाकडून, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणाऱ्या न्यायपीठाकडून व्हावी लागते. म्हणजेच अधिक कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय कायद्यातील संरक्षण राज्याच्या कायद्यात अधिक पातळ झाले आहे.

इतर राज्यांचा दाखला तर उलटाच अंगावर येतो. छत्तीसगडचा विशेष जनसुरक्षा अधिनियम २००५ चा. तो असताना एप्रिल २०१० मध्ये ताडमेटला येथे ७६ सुरक्षा कर्मचारी मारले गेले, आणि तोच लावून २००७ साली ज्यांना अटक झाली ते बालरोगतज्ज्ञ व नागरी हक्क कार्यकर्ते बिनायक सेन यांना २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. उलटपक्षी महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने सुमारे ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. यामागे पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकांची वर्षानुवर्षांची कामगिरी, रस्ते, पोलीस ठाणी आणि आत्मसमर्पण धोरण होते. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी संमत झालेल्या विधेयकाला हे श्रेय देता येणार नाही.

आता मंडन, म्हणजे स्वतःच्या मताची मांडणी. जनसुरक्षा ही संज्ञा शब्दशः घेतली तर तीत राज्याची सुरक्षा आणि जनांची सुरक्षा या दोन्हींचा अंतर्भाव व्हावा लागतो, आणि दुसरीवाचून पहिली टिकत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईत बधवार पार्कच्या कोळीवाड्याशी रबरी होडीतून उतरलेल्या अनोळखी तरुणांना सर्वप्रथम हटकले ते तेथील मच्छीमारांनी. त्यानंतर उभ्या राहिलेल्या सागरी सुरक्षेच्या साऱ्या व्यवस्थेत मच्छीमारांनी संशयास्पद नौकेची खबर देणे हा मोठा आधार आहे, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरही. खबर देणारा माणूस पोलीस ठाण्यात निर्धास्त जातो तेव्हाच ही व्यवस्था चालते. त्याच माणसाची तक्रार अशी की एलईडी मासेमारीला केंद्राने २०१७ पासून मनाई केली, राज्याने आपला १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ साली अधिक कडक केला, तरी दिवे समुद्रात दिसतातच. येथे उणीव नव्या गुन्ह्याची नाही. गस्ती नौकेची, वेळेत होणाऱ्या कारवाईची आणि लागणाऱ्या निकालाची आहे.

न्याय जवळ आणणे हे सुरक्षेचे काम आहे, याचे अलीकडील उदाहरणही उपलब्ध आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे मुख्य पीठाबाहेर बसणारे खंडपीठ, सुरू झाले आणि सिंधुदुर्ग त्याच्या अधिकारक्षेत्रात आला. कुडाळच्या पक्षकाराला मुंबईच्या रात्रगाडीऐवजी आता घाट चढून जाता येते. जनसुरक्षा कायद्याची दुरुस्तीही याच दिशेने शक्य आहे. बंदीची पुष्टी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने उघड सुनावणीनंतर करावी आणि ती सुनावणी संघटनेच्या प्रदेशातील पीठापुढे व्हावी. ‘तत्सम’ आणि ‘कल असणे’ हे शब्द वगळून हिंसेला प्रत्यक्ष साह्य हा निकष ठेवावा. आणि शांततापूर्ण निदर्शने, संप, सत्याग्रह यांना हा कायदा लागू होणार नाही हे वाक्य, जे सभागृहात बोलले गेले, ते स्वतंत्र कलम म्हणून घालावे. बोलताना ज्याला हरकत नव्हती ते छापायलाही हरकत नसावी.