मास्क कपाळावर, जीव टांगणीला!

मुलांनो, आजोबांचा चष्मा हरवला की तो कुठे सापडतो? बरोबर, त्यांच्याच कपाळावर! पेपर वाचून झाला की चष्मा वर सरकवायचा आणि मग घरभर शोधत फिरायचं, ही गंमत आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. पण भर समुद्रात कुणी असं केलं तर ती गंमत राहत नाही. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो!

झालं असं, की सोलापूरच्या भवानी पेठेतून आठवीतल्या एका वाचकमित्राचं पत्र आलंय. दिवाळीच्या सुट्टीत तो घरच्यांबरोबर मालवणला गेला होता. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात त्यानं स्कूबा डायव्हिंग केलं, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली बुडी मारली. तो लिहितो, "काका, पोपटी, निळे मासे बघून मी इतका खूश झालो, की वर आल्याबरोबर मास्क कपाळावर सरकवला आणि होडीतल्या आईला जोरजोरात हात हलवून दाखवला. शिकवणारे दादा होडीकडे वळले होते. ते गर्रकन मागे फिरले आणि त्यांनी माझा दंड धरला. होडीवाल्या काकांनी तर रिंगच फेकली! मला काहीच झालं नव्हतं. मग माझं काय चुकलं?"

मित्रा, तुझ्या एक नाही, दोन चुका झाल्या. पण त्या कळायच्या आधी मास्क म्हणजे काय ते बघू.

पाण्यात डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं. आपला डोळा हवेतून येणारे प्रकाशकिरण वळवून चित्र स्पष्ट करतो. पाणी थेट डोळ्याला लागलं की किरण पुरेसे वळतच नाहीत. म्हणून मास्कची काच डोळ्यांपुढे थोडी हवा राखून ठेवते. मग स्वच्छ दिसतं, फक्त मासे असतात त्यापेक्षा जवळ आणि मोठे वाटतात. हा मास्क नाकही झाकतो, बरं का! कारण पाण्यात १० मीटर खाली गेलं, की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तेव्हा नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडावी लागते, नाहीतर मास्क चेहऱ्यावर आवळला जातो. पोहण्याच्या साध्या चष्म्यात ही सोय नसते.

आता खरी गोष्ट. घाबरलेला माणूस पाण्यात काय करतो? तोंडातली हवेची नळी थुंकून टाकतो आणि मास्क ओरबाडून वर लोटतो. खरं तर त्याच दोन वस्तू त्याला वाचवणार असतात! पण नाक बंद असल्यामुळे त्याला वाटतं, आपला श्वास कोंडतोय. म्हणून बचावाचं शिक्षण घेणाऱ्यांना शिकवतात, की मास्क कपाळावर दिसला तर त्या माणसाकडे लगेच लक्ष द्या. ही काही मदतीची ठरलेली खूण नव्हे. हवेत मास्क कपाळावर ठेवणारे बिनधास्त डायव्हरही असतात. पण लांबून बघणाऱ्याला कसं कळणार, की हा मजेत आहे की संकटात? ही झाली पहिली चूक.

दुसरी चूक हात हलवण्याची. समुद्रात हात हलवणं म्हणजे "मला मदत हवी आहे!" सगळं ठीक असेल तर हाताची बोटं डोक्यावर टेकवून मोठा गोल करायचा, किंवा दोन्ही हातांनी डोक्यावर गोल करायचा. आईला टाटा करायचा तो होडीत बसल्यावर!

मग मास्क ठेवायचा कुठे? सगळ्यात चांगली जागा म्हणजे तो जिथे आहे तिथेच, डोळ्यांवर. होडीत चढेपर्यंत मास्क आणि तोंडातली नळी काढायची नाही. लाट तोंडावर आली किंवा शिडीवरून पाय घसरून परत पाण्यात पडलात, तरी डोळे आणि श्वास शाबूत राहतात. समुद्र शांत असेल आणि मास्क काढायचाच असेल, तर तो गळ्यात ओढून घ्यावा. पट्टा मानेमागे, काच हनुवटीखाली. लाट आली तरी तो जात नाही आणि लागला तर क्षणात वर घेता येतो. कपाळावरचा मास्क मात्र एका लाटेसरशी उडतो आणि थेट समुद्राच्या तळाशी जाऊन बसतो!

तुम्ही म्हणाल, "काका, सोलापुरात कुठे आलाय समुद्र?" समुद्र नाही, पण विहिरी, कालवे आणि तळी आहेतच की! पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले कितीतरी वाचक असतील. त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सिनेमात बुडणारा माणूस "वाचवा, वाचवा" ओरडतो. खरा बुडणारा बहुधा ओरडूच शकत नाही. श्वास घेतानाच त्याची तारांबळ उडालेली असते. तोंड कधी पाण्यावर, कधी पाण्याखाली, आणि आवाज नाही. म्हणून काठावरच्याला बारीकसारीक खुणाच वाचाव्या लागतात. आणि म्हणूनच "बुडतोय, बुडतोय" असं खोटं नाटक कधी करायचं नाही. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आठवतेय ना? दहा वेळा खोटी खूण केली, की अकराव्या वेळी खऱ्या खुणेकडे कुणी बघत नाही.

समजा, कुणी खरंच बुडताना दिसलं तर? पाण्यात उडी टाकू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारून खाली ओढतो. आधी मोठ्यांना हाक मारा. काठावर पालथं झोपून लांब काठी किंवा दोर पुढे करा. दोर नसेल तर आपली सोलापुरी चादर पिळून तिचं टोक फेका. घट्ट बुचाचा रिकामा कॅन फेकला तरी धरायला आधार होतो.

तर भवानी पेठेतल्या मित्रा, त्या दादांवर रागावू नकोस. तुला काही झालं नव्हतं, हे त्यांना तुझ्याजवळ पोहोचल्यावरच कळलं. ते धावून आले यातच तुझं भाग्य! पुढच्या वेळी मास्क डोळ्यांवर किंवा गळ्यात ठेव आणि डोक्यावर मोठा गोल करून त्यांना सांग, "मी मजेत आहे!"

जाता जाता एक कोडं. पाण्याखाली कुणी अंगठा वर करून दाखवला, तर त्याचा अर्थ काय? "मस्त" म्हणालात? चुकलात! त्याचा अर्थ, "चला, वर जाऊ."

मग आपणही आता निघू. पुढच्या अंकात भेटूच!