न दिसलेल्या फलकाचा दंड

वसई, ठाणे, कल्याण येथून माळशेज घाटाने हरिगावच्या मतमाऊली यात्रेस जाणाऱ्या आमच्या भाविकांना आळेफाटा नवा नाही. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता आणि पुणे-नाशिक महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. चहासाठी गाडी थांबते ती बहुधा इथेच. कांद्याच्या बाजारदिवशी पिकअप आणि ट्रॅक्टर यांची रांग लागते. शेजारच्या आळे गावात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आहे. तिच्या यात्रेच्या दिवसांत तर पाय ठेवावयास जागा मिळत नाही. अशा ठिकाणी पोलिसांना वाहने उभी करण्यावर तात्पुरते निर्बंध घालावे लागतात आणि ते घातलेच पाहिजेत. आमचा प्रश्न वेगळा आहे: निर्बंध आहे हे वाहनचालकाला कळावे कसे?

हा प्रश्न पडण्याचे कारण आळे परिसरातील आमच्या परिचयाचे एक शेतकरी. आजारी आईला घेऊन ते शहरातील दवाखान्यात गेले होते. नेहमीच्याच रस्त्याला त्यांनी पिकअप उभी केली. तासाभराने परतले तर रस्त्यावर खडूने लिहिलेला गाडीचा क्रमांक तेवढा शिल्लक होता. त्या एका दिवसापुरता तेथे ‘वाहने उभी करू नयेत’ असा आदेश होता. फलक होता, परंतु लोखंडी अडथळ्याला सुतळीने बांधलेला, वाऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलेला आणि पुढे उभ्या असलेल्या टेम्पोआड गेलेला. गाडी कोठे नेली हे शोधण्यात दोन तास गेले. दंड आणि गाडी उचलल्याचे शुल्क भरून ते गावी परतले. फलकाचे छायाचित्र काढले का, असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “फादर, आई रिक्षात बसून होती. फोटो कुठला काढणार?”

हे गृहस्थ दंड चुकविणाऱ्यांपैकी नव्हेत. “चूक असेल तर भरीन, पण चूक काय ते तरी सांगा,” एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते कायद्याला धरून आहे असे आमचे मत आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ उघडून पाहावा. शहरांतील वाहतूक पोलिसांचे तात्पुरते आदेश सहसा त्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ चा आधार घेतात. निर्बंध घातला की त्याची योग्य चिन्हे योग्य जागी उभारली पाहिजेत, असे कलम ११५ सांगते. त्याच कलमाचे परंतुक अधिक बोलके आहे. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ चालणार नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेची गरज नाही, मात्र परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी दिलीच पाहिजे. म्हणजे तात्पुरत्या आदेशासाठी कायद्याने सरकारला सवलत दिली ती लोकांना कळविण्याच्या अटीवर. भिंतीकडे तोंड केलेला फलक ही अट पूर्ण करतो काय?

गाडी उचलण्याचा अधिकार कलम १२७ मध्ये आहे. जेथे वाहन उभे करण्यास कायदेशीर मनाई आहे तेथील वाहन हलविण्याची अनुमती, त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. शब्द ‘कायदेशीर मनाई’ असे आहेत, हे ध्यानी घ्यावे. अनुमती देणारा अधिकारी असावा लागतो, क्रेनवरची मुले नव्हेत. हलविण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा, हेही तेच कलम सांगते. दंडाचा आकडा, २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढील वेळी १,५०० रुपयांपर्यंत नेला. गाव सोडून आलेल्या शेतकऱ्याला हे जड आहेच. दिवस बुडाला तो निराळा.

आकडा आणि सूचना यांचे नाते मुंबईत फार ठळकपणे दिसले. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांना ५,००० रुपयांपासून, विलंबशुल्क धरून, सुमारे २३,००० रुपयांपर्यंत दंड लावला. आता ५०० मीटरचे वर्तुळ रस्त्यावर कोणी आखलेले नसते. परगावच्या माणसाला त्याचा पत्ता फलकावाचून लागणार कसा?

जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापुढे मे २०१८ मध्ये जवळजवळ हेच प्रकरण आले. ऑगस्ट २०१३ मध्ये ड्यूसेलडॉर्फ शहरात एकाने गाडी नियमानुसार उभी केली. मागाहून एका घरसामान हलविणाऱ्या कंपनीसाठी तेथे तात्पुरते मनाईचे फलक लागले आणि पुढे गाडी उचलली गेली. फलक लावल्यापासून पूर्ण तीन दिवस उलटले नसतील तर उचलण्याचा खर्च मालकाकडून घेता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. फलक खोटा होता असे कोणी म्हटले नाही. माणसाला तो पाहण्यास अवधी मिळाला नाही, एवढेच पुरेसे ठरले. आपल्या कायद्यात असे दिवस मोजून दिलेले नाहीत. ते असावेत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील संडरलँड शहरात एका वाहनचालकाने, रस्त्यावरील खुणा नियमाबरहुकूम नाहीत एवढ्याच आधारावर, अनेक दंडपावत्यांना आव्हान दिले. जुलै २०११ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ते फेटाळले. किरकोळ त्रुटी असल्या तरी मनाई कोठे आहे हे चालकाला पुरेसे कळत होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा फलकाचा रंग उडाला होता, कोपरा फाटला होता अशा सबबी चालणार नाहीत, चालूही नयेत. ज्याने फलक पाहिला आणि तरीही गाडी लावली त्याने पैसे भरावेत.

ज्याने खरोखर पाहिला नाही, त्याने मात्र घाईने भरू नये. कलम २०० खाली तडजोड रक्कम भरली की प्रकरण तेथेच मिटते. मग फलक दिसत होता की नाही हे विचारण्याचे स्थान उरत नाही. गाडी सोडविण्यासाठी उचलण्याचे शुल्क द्यावे लागले तर त्याची पावती वेगळी मागावी आणि ई-चलानाची रक्कम प्रलंबित ठेवण्याचा आग्रह धरावा. गाडी जेथे होती तेथे त्याच दिवशी परत जावे, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून फलकाचे आणि आजूबाजूच्या दुकानांचे छायाचित्र घ्यावे, आदेशाची तारीख व प्रत मागावी. तक्रार वाहतूक पोलिसांकडे लेखी द्यावी. तेथे दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांसमोर म्हणणे मांडता येते, आणि गुन्हा सिद्ध करण्याचा भार तेथे सरकारपक्षावर असतो. लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, म्हणून पुष्कळ लोक तिकडे वळतात. त्यात वावगे काही नाही, परंतु ती तडजोड आहे, दोष कोणाचा याचा निवाडा नव्हे.

येथे आमच्या घरचेही थोडे बोलावे लागेल. सणाच्या दिवशी आमच्या धर्मग्रामांचे स्वयंसेवक दोरी बांधतात, पुठ्ठ्यावर खडूने ‘नो पार्किंग’ लिहितात आणि संध्याकाळच्या मिस्सेला अंधारात ते कोणालाच दिसत नाही. मग रहिवाशांशी भांडण होते. वांद्र्याच्या माउंट मेरी जत्रेसाठी वाहतूक पोलिसांचे निर्बंध आधी जाहीर होतात, वृत्तपत्रांत छापून येतात. लहान धर्मग्रामांनाही रविवारच्या मिस्सेनंतर सूचना वाचणे आणि शेजारच्या दुकानांत आदल्या दिवशी चिठ्ठी देणे जड जाऊ नये.

आळ्याच्या त्या शेतकऱ्यांची पावती आम्ही पाहिली. तीवर रस्त्याचे नाव आहे, वेळ आहे, गाडीचे मागून घेतलेले छायाचित्र आहे. फलक त्या छायाचित्रात कोठेही नाही.